कासवाचा श्रावण

लॉकडाऊनमध्ये लेकीच्या हट्टापायी आम्ही कासवाचं पिल्लू पाळलं होतं. श्रावण लागला तसे नवऱ्याने फ्रीजरमधले पिल्लाच्या खाण्याचे किडे आणि मासळीचे तुकडे कचऱ्यात टाकले. महिनाभर घरात मांसमच्छी नको म्हणे. पिल्लाला रोज नुसता पालक. मी भांडले, तर म्हणाला, "जिवंत आहे ना?"

श्रावण सरताना त्याचं कवच बोटाने दबायला लागलं. वाढत्या पिल्लाला मासळी लागतेच, असं व्हेटने व्हिडिओ कॉलवर सुनावलं. माझं डोकंच फिरलं.

श्रावण संपला त्याच दिवशी नवरा पेंडल हिलच्या देशी दुकानातून कोळंबी घेऊन आला. "झणझणीत कर," म्हणाला. मी त्यातली थोडी सालासकट बारीक चिरून पिल्लाला घातली, उरलेलीही पिल्लासाठीच फ्रीजरमध्ये ठेवली. नवऱ्याच्या ताटात उकडलेला पालक वाढला.

"खा. जिवंत राहशील."