हिरव्या रंगात गडप झालेल्या चौकटी

मोहर्लीच्या जंगल सफारीच्या गेटवर गाइडांच्या पाळ्यांचा तक्ता मी कम्प्युटरवर करायची. डावीकडे नावं, वर वार, आणि ज्याची पाळी त्याच्या चौकटीत ‘सकाळ’ नाहीतर ‘दुपार’. पाळी चुकली की नाव यादीच्या शेपटीला, हा नियम गाइडांनी आपसातच ठरवलेला. त्यातून कोणालाच माफी नव्हती.

गाइडांचे म्होरके भाऊ रंगाचे भारी शौकीन. मी जेवायला गेले तेवढ्यात त्यांनी डाव साधला. रंग भरायचं माझ्याकडूनच शिकले होते. आपल्या गावच्या नावांच्या सगळ्या ओळी एकजात हिरव्यागार करून, छापून, भिंतीवर डकवूनही मोकळे! रंग भरला की चौकटींच्या फिक्या रेषा त्याखाली गडप होतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर भाऊ जिप्सीत ऐटीत बसलेले आणि खाली त्यांच्याच गावची एक बाई रडवेली उभी. आजवर धानाच्या बांधीत राबलेली, गाइड म्हणून तिची ही पहिलीच पाळी. नाही जमलं तर पुन्हा बांधीत, असं घरच्यांनी तिला बजावलं होतं. यादीत तिचं नाव भाऊंच्या लगेच खाली. माझं डोकंच फिरलं.

“भाऊ, उतरा. पाळी बाईची आहे.”

“काऊन? तक्त्यात पाय नं!”

तरातरा उतरून त्यांनी आपल्या नावावर बोट ठेवलं आणि सरकवत नेलं. मध्ये नुसतं हिरवं. बोट खालच्या ओळीत घसरलं आणि ‘सकाळ’वर थांबलं.

“हे पाय! मी का खोटं बोलून राह्यलो?”

“गाडी हलवाल तर याद राखा,” म्हणत मी आत पळाले. रंग पुसला नाही, कशाला पुसायचा? छानच दिसत होता. अख्खा तक्ता निवडला, बॉर्डर दिली, सगळ्या बाजूंनी, काळीकुट्ट. छापला आणि शाई वाळायच्या आत कागद भाऊंसमोर धरला.

“आता न्या बोट.”

या खेपेला बोट रेषेरेषेनं निमूट गेलं आणि रिकाम्या चौकटीत पोचलं. भाऊंनी बोट मागे घेतलं. आता बाईला टोमणा मारतील, अशी मला धास्ती.

बाई गाडीत चढली, तरी ड्रायव्हर भाऊंच्याच तोंडाकडे बघत राहिला. भाऊ खेकसले, “माह्याकडे काऊन पाहून राह्यला बे? बाई सांगन तिकडं ने!”

बाईनं पदरानं डोळे पुसले. “चाल भाऊ,” ती ड्रायव्हरला म्हणाली.