मामानं न पाहिलेल्या गोष्टी

गयाबाईचं छप्पर आणि छपराला लागून रचलेली कडब्याची गंज धुळवडीच्या सकाळी, दिवस कासराभर वर आलेला असताना, जाळण्यात आली. 'जळाली' नव्हे, 'जाळण्यात आली'. गावाचं नाव लिहीत नाही. जिंतूर तालुक्यातलं, बोरीच्या बाजाराला जाणारं गाव आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं की बाकीची गावं सुटल्यासारखी होतात. हे जाळणं ज्यानं डोळ्यांनी पाहिलं तो माझा मामा. आणि त्याच्याविषयी लिहायला बसलो ते एवढ्यासाठी, की त्याआधी माझ्या मामानं उभ्या आयुष्यात काहीही पाहिलेलं नव्हतं. इतका न पाहणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. नजर म्हणाल तर चांगली होती. आभाळात फिरणाऱ्या घारीनं पायात सरडा धरलाय की उंदीर, हे तो खळ्यात बसून सांगायचा. पण माणसानं माणसाला केलेलं काही त्याला दिसत नसे. तिथं त्याच्या डोळ्यांवर आपोआप पडदा येई.

गावातल्या हाटेलात तो बसायचा तो भिंतीकडं तोंड करून. चहा, बिडी, गप्पा, सगळं भिंतीशी. का, तर पाठीमागं कुणाचं डोकं फुटलंच तर "मला डोळे पुढं हायत" म्हणायला मोकळा. बाजारात भांडण पेटलं की लोक पुढं सरकत, मामा उपरणं डोक्यावरून ओढून वांग्याच्या ढिगात किडकं वांगं शोधत बसे. कुणी धापा टाकत दारात आलं की बातमी ऐकायच्या आधीच तो सांगून टाकायचा, "म्या न्हाई पाह्यलं बाबा." मग जरा थांबून, हळूच, "काय झालं?" आणि पोलिसांची जीप गावाकडं यायलाय एवढं नुसतं कळलं, तरी हा पितळी तांब्या उचलून ओढ्याची वाट धरी. मामी म्हणायची, "यांचं पोट वर्षभर चांगलं असतंय. पंचनाम्याच्या दिवशीच तेवढं बिघडतंय."

पोलिसांविषयीचा हा संशय त्यानं स्वतः कमावलेला नव्हता, वडिलोपार्जित होता. निजामाच्या अमलात मामाच्या बापाला, माझ्या आज्याला, ओढ्यात एक अनोळखी मढं तरंगताना दिसलं. आजा भोळा. तो पायी ठाण्यात गेला आणि अमीनसाहेबाला, म्हणजे तेव्हाच्या फौजदाराला, वर्दी देऊन आला. खरं तर आला नाहीच. अमीनानं त्याला एकच प्रश्न विचारला, "तुलाच बरं दिसलं?" आणि मेलेल्याचे नातेवाईक सापडेपर्यंत ठेवून घेतलं. त्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घराण्याला पुढं कधी सापडलं नाही. मामानं त्यातून आपल्यापुरता कायदा काढला: दिसलं तर दिसलं म्हणायचं नाही, आणि ते जमावं म्हणून मुळात दिसूच द्यायचं नाही.

स्वतःच्या बाबतीतही तो कायद्याला पक्का. एकदा त्याची सायकल चोरीला गेली. मामीनं बोंब मारायला तोंड उघडलं, तर यानं तिला घरात ओढलं. "गप. सायकल आपली व्हती म्हणून कुणी सांगितलं?" दुसऱ्या कुठल्यातरी चोरीत एक भामटा सापडला, त्याच्याकडं ही सायकल निघाली, आणि एक शिपाई ती ढकलत थेट मामाच्या दारात घेऊन आला. मागच्या मडगार्डवर मामाचं नाव पांढऱ्या रंगात लिहिलेलं.

"ही तुमची ना?"

"न्हाई, साहेब."

"अहो, नाव तुमचं हाय."

"नाव लय जणांचं असतंय."

गल्ली तोंडाला पदर लावून हसत होती. शिपायानं घामाघूम होऊन सायकल परत नेली. पुढं कितीतरी दिवस मामा बोरीच्या बाजाराला पायी जायचा, आणि वाटेत ठाण्यासमोर गंजत पडलेली आपली सायकल त्यानं एकदाही पाहिली नाही.

मी तेव्हा परभणीला शिकत होतो. शिकत होतो म्हणजे पत्रकं वाटत होतो. नामांतराचे दिवस होते आणि विद्यापीठाच्या नावाचा राग गावोगाव काही लोक दुसऱ्यांच्या छपरांवर काढत होते. आमच्या एका पत्रकात मी लिहिलं होतं, 'अन्याय पाहून जो गप्प बसतो, तोही गुन्हेगारच.' फार जोरदार वाक्य म्हणून आम्ही ते ठळक छापलं. मामानं मला ते मोठ्यानं वाचायला लावलं, कागद उलटासुलटा केला आणि म्हणाला, "लय झ्याक. ह्ये लिव्हणारा कुठं ऱ्हातो?"

"मीच लिहिलंय, मामा. परभणीत राहतो."

"आन् पाहणारा?"

मी पत्रकाची घडी घालायला लागलो.

"पाहणारा गावात ऱ्हातो, पुढारी. तुमी वाक्य लिव्हून यष्टीत बसताव. त्याला दुसऱ्या दिशी त्याच आडावर पाणी वढायचंय."

मी चिडलो. पोलीस नालायक असतील म्हणून गुन्हाच सांगायचा नाही, तर नालायकी आणि गुन्हा दोघांचं फावतं, हे मी त्याला अर्धा तास सांगितलं. मामा सगळं ऐकून भिंतीला म्हणाला, "भाचा बोलतो चांगला."

आता धुळवड. साखर कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडला होता, म्हणून मामा-मामी ऊसतोडीवरून परत आलेले. रंग, दारू, भांडणं यातलं काही दिसू नये म्हणून त्या सकाळी मामानं बैल घेऊन दलित वस्तीमागची आडवाट धरली. त्याच वाटेवर गयाबाईचं छप्पर. तिचा पोरगा नामांतराच्या मोर्चाला जाऊन आलेला, हा तिचा गुन्हा. ती नदीवर गेलेली होती. तोंडं रंगवलेली चार-पाच पोरं आली, त्यांनी गंजीवर डबा ओतला आणि काडी लावली. ही पोरं वस्तीतली नव्हेत, मामाच्याच भावकीतली. आत गयाबाईची शेळी बांधलेली होती, ती ओरडायला लागली. मामा पुढं काय करेल हे मी पैजेवर सांगितलं असतं, आणि पैज हरलो असतो. त्यानं बैल सोडून दिले आणि आत शिरला.

संध्याकाळपर्यंत गावानं निकाल लावला. होळीची ठिणगी उडाली असेल. वारं होतं. आणि तोंडाला रंग असल्यावर कोण कुणाला ओळखणार? गयाबाई ठाण्यात गेली, जमादारानं तिला दिवसभर बाहेर बसवलं आणि "साक्षीदार आण" म्हणून परत पाठवलं. पुन्हा गेली, पुन्हा तेच. मग ती मामाच्या अंगणाशी आली. सणाला आलेला मी तिथंच होतो. मला वाटलं, ही आता पदर पसरणार. ती म्हणाली, "दादा, तुमी काय बी पाह्यलं न्हाई, आसंच म्या समद्याला सांगीन. पर तुमच्या धोतराचा सोगा जळालाय. तेवढं बदला. कुनी वळखंल." आणि शेळीची दोरी धरून निघून गेली.

मामा सोग्याकडं बघत बसला. मी तोंड उघडलं तर हातानं गप्प केलं. मग आत बघून म्हणाला, "बिऱ्हाड बांध."

मामी म्हणाली, "आता? पट्टा तर पडला की."

"कारखान्याला न्हाई. ठाण्याला."

ज्यानं ऊसतोडीचं बिऱ्हाड पाहिलंय त्याला सांगायला नको. गोधड्या, पीठ, तवा, परात, घागर, सरपण, खुराड्यात कोंबडी. परत कधी येऊ याचा भरवसा नाही अशा बेतानं भरलेली गाडी. मामाचं म्हणणं सरळ होतं: आजा ठाण्यात मोकळ्या हातानं गेला, ही त्याची चूक. गाडी गावातून निघाली तेव्हा लोकांनी विचारलं, "आबा, कुठं निघालाव? कारखाने बंद झालेत." मामा म्हणाला, "सरकारी फडावर." मी आणि गयाबाई मागं चालत होतो.

जमादारानं नेहमीचं हत्यार काढलं, "बसा तिकडं. साहेब बाहेर गेलेत." मामा बसला. मामीनं आवारातल्या लिंबाखाली तीन दगड मांडले, चूल पेटवली आणि भाकरी थापायला घेतली. धूर खिडकीतून आत गेला. कोंबडी सुटली ती जमादाराच्या टेबलाखाली. जमादार बाहेर आला.

"ए, काय चाललंय हे?"

"तुमीच बसा म्हणलाव, साहेब. जेवू नका म्हणला न्हाईत."

"किती दिवस बसणार इथं?"

"फडावर आमी सहा म्हैने बसताव. तितं पाणी लांब ऱ्हातंय. हितं नळ हाय."

माणसाला बसवून कंटाळवणं ही त्या ठाण्याची सगळी ताकद. आणि समोर बसायचं सामान घेऊनच आलेला माणूस. दुपारी जमादारानं कागद पुढं ओढला. ठिणगी असेल, म्हणाला. मामा म्हणाला, "ठिणगीच्या हातात राकेलचा डबा व्हता." तोंडं रंगवलेली असताना ओळखलंस कसं? "रंग तोंडाला व्हता. हाका नावानं मारायला लागले व्हते." शेवटी जमादारानं मान वर करून विचारलं, "एवढ्या गावात तुलाच बरं दिसलं?"

मामा म्हणाला, "दिसलं समद्यायला, साहेब. येऊन बसलो मी."

आमच्या पत्रकात आता असं लिहायची पद्धत आहे की मग सत्याचा विजय झाला. मी लिहिणार नाही. मामाचा संशय खरा निघाला. फिर्याद घेतली त्याच संध्याकाळी ती कुणाच्या सांगण्यावरून घेतली, हे आरोपींच्या घरी कळलेलं होतं, आणि ते गयाबाईनं सांगितलं नव्हतं, मी तर नाहीच. मुकादमानं पुढच्या हंगामात मामाला टोळीत घेतलं नाही. भावकी लग्नाचं बोलावणं देईना. आडावर तो गेला की बायका घागरी उचलून बाजूला होतात. तरी मी म्हणतो, ठाण्यात जावंच. पोलीस चांगले आहेत म्हणून नव्हे. न गेलं तर गाव म्हणतं ते खरं ठरतं, आणि गाव म्हणतं ठिणगी होती. आणि गेलेल्याला जी किंमत मोजावी लागते ती एकट्यानं गेल्याची असते, सांगितल्याची नसते.

केस परभणीच्या कोर्टात उभी राहायची आहे. तारखा पडतात. गयाबाईनं नवं छप्पर घातलंय, पत्र्याचं. मामा जरा थकलाय, हल्ली कमी बोलतो. परवा तारखेवरून परतताना, स्टँडवर यष्टीची वाट बघत असताना, त्यानं मला विचारलं, "भाच्या, त्या दिशी वाटंवर दुसरीबी माणसं व्हती. येतील का रे त्यातली कुणी?"

मी "येतील" म्हणालो. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि मला ते खोटं वाटू दिलं नाही.

ते 'येतील' मी तुमच्या भरवशावर म्हटलंय. तुम्ही त्या वाटेवर असाल तर पुढच्या तारखेला परभणीला या आणि जे पाहिलंत ते बोला. त्या वाटेवर नसाल, तर दुसऱ्या कुठल्यातरी वाटेवर तुम्ही काहीतरी पाहिलेलं आहेच. उठा, चार माणसं सोबत घ्या, आणि ते सांगून या.