चिंगीची सोबतीण

जोडीदारीण गेल्यापासून चिंगी, माझी गिनी पिग, खाईना. मग नवी सोबतीण आणली. दोघींचं जमतं का ते पाहायला मधे जाळी ठेवली.

माझं लग्न जमवणारी आत्या ते पाहून म्हणाली, "कशाला एवढे लाड? टाक एकत्र. सवय होते."

जनावरांनाही आधी एकमेकांना हुंगू द्यावं लागतं. मला मात्र तिने तसंच टाकलं होतं, मुलाचा स्वभाव न विचारता. मार खाऊन माहेरी आले, तर म्हणाली, "तूच जुळवून घेतलं नाहीस."

नवीला उचलून चिंगीकडे सोडायला आत्याने स्वतःच हात घातला. नवी दात कडकड वाजवू लागली. आता ती चावणार, हे मला ठाऊक होतं. मी गप्प राहिले. आत्याच्या बोटातून रक्त आलं. हळद आणायला मी उठले, पण सावकाश.