चूलबंदचं शुद्ध मराठी

"आमच्या गावात कोनाच्या घरची चूल बंद हाये, ते सांगा मले!"

नामदेवरावांनी पत्रिका माझ्या कीबोर्डवर आपटली. नामदेवराव जानेफळचे. चांगली बागायती, गावात वजन, आणि एकुलत्या एका मुलीचं, वैष्णवीचं, लग्न आठवड्यावर आलेलं. मेहकरच्या आमच्या प्रेसमध्ये पत्रिका टाकायला आले होते तेव्हा सगळ्यांना पेढे देऊन गेले होते. आज पेढे नव्हते.

"वाचा. मोठ्यानं वाचा, ताई."

मी वाचलं. पत्रिकेच्या तळाशी, वेलबुट्टीच्या चौकटीत, सोनेरी अक्षरांत छापलं होतं: 'चूल बंद असलेल्या सर्व कुटुंबांसाठी मोफत स्नेहभोजनाची व्यवस्था करण्यात आली आहे. कृपया या संधीचा लाभ घ्यावा.'

हे मी टाइप केलेलं नव्हतं. मी केबिनकडे पाहिलं. काचेपलीकडे आमचे मालक गोपालशेठ एकदम फोनवर बोलायला लागले. फोन वाजलेला नव्हता.

आता जरा धंद्याचं सांगते, म्हणजे गोंधळ होणार नाही. पत्रिकेवरच्या मजकुराला आम्ही 'मॅटर' म्हणतो. मॅटर टाइप झालं की एक नमुना काढतात, तो प्रूफ. गिऱ्हाइकानं प्रूफ पाहून ओके म्हटलं की छपाई. ऐकायला पक्कं वाटतं. पण प्रूफमध्ये माणसं फक्त नावं बघतात. आत्याचे मिस्टर राहिले का, मोठ्या साडूच्या आधी धाकट्याचं नाव आलं का, एवढंच. बाकीच्या मजकुरात मी कोळशाच्या खाणीची जाहिरात टाकली असती तरी ओके आलं असतं.

आणि तो मजकूर काय नवा असतो म्हणता? आमच्याकडे मॅटरचा अल्बम आहे. मॅटर नंबर सात, मॅटर नंबर बारा. गिऱ्हाईक बोट ठेवतं, मी नावं बदलते. 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' हे वाक्य मी अशा पोरांच्या नावानं छापलंय ज्यांना अजून दात आले नव्हते. म्हणजे यंत्रानं नक्कल केली म्हणून नाक मुरडायचा हक्क निदान मला तरी नाही.

तर गोपालशेठ नागपूरला एका दिवसाच्या शिबिराला गेले आणि येताना एआय घेऊन आले. पूजा करायची म्हणाले. पण ती वस्तू कुठे दिसतच नव्हती. शेवटी मॉनिटरला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ पायरीवर फोडला. दुसऱ्या दिवशी दारावर फ्लेक्स लागला: 'आता प्रत्येक पत्रिका ओरिजिनल!'

"ताई, तुमी आता निस्ती नावं पाहा," शेठ म्हणाले. "भाषेचं टेन्शन घेऊ नका. थे एआय पाहून घेईन."

"आणि त्याचं कोण पाहणार?"

"त्याले पाहा लागत नाही. तेच त मेन हाये."

त्याच आठवड्यात नामदेवराव आले. अल्बममधलं मॅटर घेतलं, आणि खाली एक ओळ स्वतःची सांगितली: 'समस्त जानेफळ ग्रामस्थांना चूलबंद आवतन.'

आमच्या भागात आवतन म्हणजे जेवणाचं बोलावणं. साधं आवतन असेल तर घरटी एक माणूस जेवायला जातो. पण 'चूलबंद' म्हटलं की अख्खं घर, म्हातारीपासून पाळण्यातल्यापर्यंत. त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायचीच नाही, इतकं ते आग्रहाचं. मुलीचा बाप हे म्हणतो तेव्हा त्याची मान ताठ असते. मी ओळ टाइप केली आणि शेठना बजावलं की हिला हात लावू नका.

शेठनी लावला. त्यांनी एआयला सांगितलं, 'ही ओळ गावठी वाटते, सगळ्यांना समजेल अशा शुद्ध मराठीत ओरिजिनल करून दे.' त्यानं बिचाऱ्यानं करून दिली. प्रूफ थेट नामदेवरावांच्या मोबाइलवर गेलं. त्यांनी तिसऱ्या मेव्हण्याचं नाव दुरुस्त केलं आणि अंगठा पाठवला. पत्रिका छापल्या. पुतण्यानं मोटरसायकलवर गावभर वाटल्या.

म्हणजे ज्या ओळीचा अर्थ 'तुमच्यापैकी एकही माणूस मागे राहू नका' असा होता, तिचा अर्थ 'ज्यांच्या घरी खायला नाही त्यांनी येऊन जेवून जा' असा झाला. आणि ही पत्रिका अख्ख्या गावाला, घरटी एक.

"गाव काय म्हणतंय?" मी विचारलं.

नामदेवरावांनी मोबाइल पुढे केला. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर, एकामागून एक, पेटलेल्या गॅसचे फोटो. निळ्या जाळाचे. कुणाच्या दोन शेगड्या पेटलेल्या, कुणाच्या तिन्ही. एकानं तर शेतातल्या चुलीचा व्हिडिओ टाकला होता. खाली एकच वाक्य: 'आमची चालू हाये.'

खरं सांगते, मला हसू आलं. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू आतच राहिलं.

"आज हळदीच्या मुहूर्ताले बायका येनार होत्या," ते म्हणाले. "जातं धुऊन, मांडून ठिवलं. एक बाई नाही आली. पोरगी सकायपासून रडून राह्यली. वऱ्हाड येईन, अन् मांडवात माह्या गावचं मानूस नसन. काय सांगू मी व्याह्याले?"

शेठ आता बाहेर आले. "काका, काई टेन्शन नाही. माफीनामा काढू. दोन मिनिटांत."

दोन मिनिटं लागलीही नाहीत. एआयनं लिहिलं: 'आपल्या चुलीच्या सद्यःस्थितीबाबत झालेल्या गैरसमजाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपल्या स्वयंपाकघराच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा.'

"हे कोन बोलते असं?" नामदेवराव म्हणाले.

"थांबा, वऱ्हाडीत काढतो. लोकल टच." शेठनी बोटं चालवली आणि अभिमानानं वाचलं, "'माफ करा बे जानेफळवाल्यांनो, चुकलं आमचं.'"

"बे?" नामदेवराव खुर्चीतून उठले. "माह्या चुलतसासऱ्याले मी बे म्हनू? अजून जोडे खावाचे राह्यले का माहे? चाला. दोघंबी चाला माह्यासंग. गावात उभे राहून सांगा का हे कोनं केलं."

शेठ म्हणाले, त्यांना अकोल्याला जायचंय. नामदेवरावांनी गाडीचं दार उघडून धरलं. शेठ गपचूप बसले. मीही बसले.

घराच्या अंगणात मांडवाचे बांबू रोवलेले होते. जात्याला नवी सुतळी बांधली होती, बाजूला सुपात हळकुंडं. वैष्णवी दाराआड उभी होती, डोळे सुजलेले. तिच्या आईला, शांताकाकूंना, नामदेवरावांनी सांगितलं, "हे प्रेसवाले."

काकू मागच्या पडवीत चुलीपुढे बसल्या होत्या. घरात गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून चुलीवरच. त्यांनी वळून पाहिलंही नाही.

शेठनी घसा साफ केला. "काकू, मशीनची मिस्टेक झाली. टेक्निकल."

"मशीनले पोरगी हाये काय?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"मंग तिले काय समजते."

त्या उठल्या, शेजारची बादली उचलली आणि पाणी सरळ चुलीत ओतलं. फस्सकन वाफ उठली, राख उडाली, शेठचा पांढरा शर्ट काळा झाला. काकू ओल्या राखेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "घ्या. आता हाये बंद. माह्याच घरची. गावात कोनाची बंद नाही, सगळ्याईचे फोटो मी पाह्यले. गाव माह्या दारी जेवनार नाही त मीबी पेटवत नाही. आता कोनं बोलावलं त जाऊ जेवाले, नाही त राहू उपाशी. लिवा म्हना मशीनले हे."

मी मॅटरवाली बाई. समोर कुणाचं घर मोडत असलं तरी वाक्य कानावर पडलं की ते किती ओळींत बसेल हा विचार आधी येतो. वाईट खोड आहे. पण त्या वाफेत उभी राहून मला कळलं की अल्बममध्ये नसलेलं मॅटर मी पहिल्यांदा ऐकतेय.

"काकू, हेच पाठवू का गावाला? तुमच्याच शब्दांत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पाठवा. पन त्यात थे कृपया-गिरपया टाकू नका."

मी मोबाइलवर लिहिलं, वाचून दाखवलं: 'जानेफळकर हो, तुमच्या चुली चालू हायेत, आमी फोटो पाह्यले. बंद आमचीच हाये. वैष्णवीच्या मायनं पानी ओतून विझवली. तुमी जेवाले बोलवा, तवाच पेटन.' सोबत विझलेल्या चुलीचा फोटो.

"ताई, एकदा एआयमधून काढू का? शुद्धलेखन..." शेठ म्हणाले.

नामदेवरावांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला. "नाकच कापून द्या लागते आता," ते पुटपुटले. "टाका."

टाकलं. आम्ही सगळे त्या मोबाइलकडे बघत बसलो. लोक स्टेटस बघत होते, खाली ते दिसत होतं. बघत होते आणि काहीच बोलत नव्हते. वैष्णवी बाहेर येऊन आईच्या शेजारी बसली. शेठ शर्ट झटकत होते, त्यानं डाग आणखी पसरत होता. मला भीती वाटायला लागली की मी या माणसाचं दुसऱ्यांदा हसं केलं.

मग समोरच्या घरातून हनीफचाचा आले. बांगड्यांचे व्यापारी, वैष्णवीचा चुडा तेच भरणार होते. आणि गॅसचा पहिला फोटो त्यांनीच टाकला होता. त्यांच्या हातात चहाची किटली होती.

"भाभी," ते खाली बघत म्हणाले, "फोटोसाठी गॅस पेटवला, अन् त्यावर काई ठिवलंच नव्हतं. बीवी बोलली, फुकट जाळ काऊन जाळता? म्हनून चाय ठिवला."

काकूंनी पदर तोंडाला लावला.

"अन् संध्याकायचं जेवन आमच्याकडं," चाचा म्हणाले. "नामदेवभौ, तुमी, भाभी, बेटी, घरात आलेले पाहुने, सगळे. चूलबंद आवतन हाये, समजून घ्या."

तो शब्द त्यांना समजावून सांगावा लागला नव्हता. काकू तेव्हा ओक्साबोक्शी रडल्या, आणि माझेही डोळे भरले, ते मी लपवलं नाही.

चाचांच्या पाठोपाठ नामदेवरावांचे चुलतसासरे काठी टेकत आले. रागावलेलेच होते. "त्याच्याकडं संध्याकायी जा. पन उद्या सकायी माह्याकडं," म्हणाले. मग फोन सुरू झाले. नवरीला लग्नाआधी जेवायला बोलावतात, त्या केळवणाला आमच्याकडे गडगनेर म्हणतात. वैष्णवीला त्या आठवड्यात इतकी गडगनेरं झाली की ब्लाउज उसवावे लागले. बायका दुपारीच आल्या, हळद दळली गेली. काकूंची चूल लग्नापर्यंत पेटायची गरज पडली नाही.

लग्नाला अख्खं जानेफळ होतं. मीही जेवले. हनीफचाचांच्या स्टेटसला त्या दिवशी गॅसची शेगडी होती, बंद, तिच्यावर पातेलं पालथं घातलेलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण आमचे शेठ व्यापारी आहेत. ते स्टेटस पार अमडापूरपर्यंत फिरलं होतं. शेठनी मला न सांगता काकूंचे शब्द एआयला दिले, त्यानं त्यातलं पाणी आणि राख काढून ते सुबक करून दिलं, आणि अल्बमच्या पहिल्या पानावर नवं मॅटर आलं. वर लिहिलं होतं 'ओरिजिनल, भावनिक', खाली ओळ: 'आमच्या घरची चूल बंद आहे. आपण बोलवाल, तेव्हाच ती पेटेल.' वेलबुट्टीची चौकट, सोनेरी अक्षरं.

अमडापूरच्या एका गृहस्थांना ते फार आवडलं. मुलीचंच लग्न होतं. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, हे एका घराचं आहे, तुमच्या घरी तसं काही घडलेलं नाही." ते म्हणाले, "तुमी निस्ती नावं बदला, ताई." नावं बदलणं माझं कामच आहे. बदलली.

पंधरवड्यानं त्यांचा फोन आला. आवाज चढलेला.

"काय मॅटर देल्लं हो तुमी? एका मानसानं जेवाले बोलावलं नाही!"

"चूल विझवली होती का?" मी विचारलं.

"थे काऊन विझवाची? पत्रिकेत छापलं होतं ना!"

"मग घरी चूल चालू आहे, अडचण काय?"

मग त्यांनी आवाज खाली आणला.

"व्याह्यानं पत्रिका वाचली. अन् आज घरी गव्हाचा कट्टा, अख्खं पोतं, पाठवून देल्ला. म्हने, आधी सांगाचं ना, सोयरे हाओत आपन. आता सांगा, काय करू मी या गव्हाचं?"

शेठ केबिनच्या काचेतून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, एआयला विचारते, आणि फोन काचेआड त्यांच्या हातात नेऊन दिला.

शेठनी खरंच विचारलं. त्यानं गव्हाच्या पिठाचे पौष्टिक पदार्थ सुचवले.