नदीवर खोकायचं नाही

रिपोर्टच्या शेवटी 'रिमार्क्स'चा एक रकाना असतो. त्यात जेमतेम दोन ओळी मावतात. आमच्या प्रोजेक्टमध्ये खरं जे घडतं ते त्या दोन ओळींत कधीच बसत नाही, मग ते सगळं माझ्याकडे साठतं. आता इतकं साठलंय की कुणाला तरी सांगायलाच हवं.

आधी काम सांगते. दोन नद्या, दोन्ही दाट जंगलातल्या. एक इथे ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या उत्तरेला, दुसरी आमची, कोकणातल्या दोडामार्गची. दोन्हीकडे झाडांना रेकॉर्डर बांधलेत, जंगल किती शाबूत आहे ते आवाजावरून कळतं म्हणून. ते आवाज ऐकते मी, टूवूंबाच्या युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, हेडफोन लावून. माझ्या व्हिसाचं घोंगडं भिजत पडलंय, देश सोडता येत नाही. चार वर्षं घरी गेले नाही. आणि माझ्या गावी दर वर्षी कोण जातं? माझा बॉस, ग्रेग!

*

युनीचा सेफ्टी फॉर्म असतो. गावात आमचं काम करणाऱ्या अकरा जणांनी 'इमर्जन्सी कॉन्टॅक्ट'मध्ये एकच नंबर लिहिला. ग्रेग हादरला. हा बबली कोण? मी म्हटलं, अरे, बबलीचं चहाचं हॉटेल आहे, गावात रेंज फक्त तिथेच येते. ग्रेगला पटेना, त्याने टेस्ट म्हणून फोन लावला. बबलीने सांगितलं की सगळे लग्नाला गेलेत, आणि तू जेवलास का? तेव्हापासून दर महिन्याला तो बबलीला फोन करतो. टेस्ट म्हणून!

*

एक रेकॉर्डर नदीकाठच्या देवराईत लावायचा होता. आमच्याकडे अशा वेळी देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळी चिकटवायची, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दोनदा डावी पडली. ग्रेगने चार्टमध्ये लिहिलं, 'जमीनमालकाची परवानगी बाकी'. तिसऱ्यांदा उजवी पडली, तर हा मालकाची सही मागायला लागला. तिकडचं काम बघणाऱ्या सुहासने पाकळीचा फोटो पाठवला. युनीच्या फाइलमध्ये तो आजही सही म्हणून जोडलेला आहे.

*

ग्रेग गेल्या वर्षी माझ्या गावाहून परत आला तो थेट ऑफिसातच, हातात बूट घेऊन. एअरपोर्टवर त्याने प्रामाणिकपणे सांगितलं होतं की बुटांना नदीचा चिखल लागलाय. बाहेरची माती इथे आणू देत नाहीत, म्हणून तिथल्या बाईने ब्रश घेऊन ते इतके घासले की नवेकोरे दिसत होते. "लुक, स्पॉटलेस!" म्हणून तो मला दाखवत होता. मी अख्खी दुपार त्याच्याशी बोलले नाही. कशावरून चिडले ते त्याला अजून कळलेलं नाही, आणि मलाही नीट सांगता आलं नाही. थोडा तरी ठेवायचा होता रे बाबा, टाचेला.

*

रेकॉर्डरचं कार्ड आणि बॅटरी बदलताना कुणी बोलायचं नाही हा नियम आहे. माणसाचा आवाज आला की तेवढा भाग कापून टाकावा लागतो. गावात हा नियम पाळतं कोण? सुहास शिंकतो, कुणी म्हशीला शिव्या घालतं, एकाने तर अख्खी आरती म्हटली. पाळतात ते एकटे माझे बाबा. रिटायर्ड वनरक्षक, शिस्तीचे. "न्हयर खोकाचां नाय," असा सगळ्यांना दम देतात.

देवराईतला रेकॉर्डर त्यांच्याकडे आहे. दर महिन्याला कार्ड येतं, मी आधी तेच उघडते. डबी उघडल्याचा 'टक', बंद केल्याचा 'टक', मग चपला. बाकी काही नाही. फोनवरही तसेच, लेकीशी मोजकंच. काय गो चेडवा, जेवलंस? बरां, ठेवतंय. दोन वर्षं मी कान लावून बसलेय की माणूस निदान एकदा तरी खोकेल.

*

इथल्या उत्तरेच्या नदीवर जंगल राखणाऱ्या रेंजर टीममध्ये एक आँटी आहेत, त्या नदीच्या मूळ माणसांपैकी. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा त्यांनी मला पाण्यात पाय घालू दिला नाही. आधी काठावर उभं केलं आणि नदीला मोठ्याने सांगितलं, ही कोण, कुठून आली. मग नदीला तुला बघू दे, म्हणून बराच वेळ गप्प उभं राहायला लावलं. मला रडू आलं. आँटी म्हणाल्या, नो वरीज, सगळ्यांना येतं.

गेल्या व्हिडिओ मीटिंगमध्ये त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं. मी गावातल्या मंडळींना ते मराठीत सांगत होते. त्यांच्यात मागच्या बाकावर बाबा होते, मीटिंगमध्ये कधी तोंड न उघडणारे. त्यांनी हात वर केला आणि विचारलं, नदी सोडून गेलेल्या माणसाची परत ओळख करून द्यावी लागते का?

मी ते आँटींना इंग्रजीत सांगितलं. त्या म्हणाल्या, लांब राहून खूप दिवस झाले असतील तर द्यावी. घरच्या कुणीतरी.

*

प्रोजेक्ट या महिन्यात संपला. रेकॉर्डर काढले. देवराईतलं शेवटचं कार्ड सोमवारी आलं. ग्रेग मागेच उभा होता, कॉफी घेऊन, म्हणून ते स्पीकरवर लावलं.

टक, डबी उघडली. मग बाबांचा आवाज आला, अगदी खणखणीत.

"माझां चेडू, नमू. ऑस्ट्रेलियात आसता. चार वर्षां तेका येवक गावूक नाय. येतला. इला की वळख ठेव."

ग्रेगने विचारलं, काय म्हणतायत?

मी म्हटलं, बॅटरी संपत आलीय म्हणतायत.

"पण त्यात तुझं नाव कसं आलं?"

मी माउस हातात घेतला. नियमाप्रमाणे बाबांचा आवाज कापला आणि माझ्या फोनमध्ये ठेवला. उरलेली फाइल युनीच्या संग्रहात गेली. त्यात चार मिनिटं नुसतं पाणी वाहतंय. त्यानंतर डबी बंद झाल्याचा टक, आणि मग चपला.