मोराच्या पुढचा पारवा

चेन्नईत एग्मोरजवळच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. तिथे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचं कपाट पुसणारा एक म्हातारा शिपाई होता. निलगिरीच्या डोंगररानातला, मानेवर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी असलेला पारवा तो नेहमी मोराच्या पुढे ठेवायचा. प्राचार्य फेरीला आले की तो मागे सारायला लावायचे. दुसऱ्या दिवशी पारवा पुन्हा पुढे.

"याला कोण ओळखतं?" प्राचार्य एकदा चिडून म्हणाले.

शिपाई काचेवर फुंकर मारून ती पुसत राहिला. "म्हणूनच पुढं ठेवतो, सार. मोराला पाटी लागत नाही."

निवृत्तीच्या दिवशी त्याने सगळ्या किल्ल्या परत केल्या, या कपाटाची सोडून. आत पारवा पुढेच होता.

कुलूप तोडायला माणूस बोलावण्याचं काम माझ्याकडे आहे. मी बोलावणार नाही.