वर्नाच्या न्हाणीघरातला नवरदेव

आमच्या हम्बोल्टच्या डोंगरात गांजा लावणाऱ्यांचा एक नेम आहे. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी मिळून एकमेकांच्या बागा हिंडायच्या आणि नर झाडं उपटायची. एका नराचे पराग उडाले की आख्ख्या डोंगरावरच्या माद्या बियांनी भरतात, आणि बियांचा माल दुकानदार हातात धरत नाही. बावीस वर्षं या फेरीचा म्होरक्या मी. माझं नाक कुत्र्यापेक्षा तिखट, असं मीच सगळ्यांना सांगत आलो.

वर्ना टोलेफसन माझी शेजारीण. तीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे बोलणं सगळं मागच्या बाकापर्यंत पोचेल असं. नवरा ऑरिन लाकूडतोड्या. ओंडका पाठीवर आल्यापासून त्याला धड बसवत नव्हतं, धड निजवत नव्हतं. वर्नाकडे ‘झोपाळू बाई’ नावाचं एक वाण होतं. त्याने पाठीची कळ थांबायची, पण ऑरिनही थांबायचा. एकदा तर सूपाचा चमचा तोंडाशी नेता नेता घोरायला लागला. तिला हवं होतं असं वाण, ज्याने अंग सैल होईल आणि माणूस जागा राहील. कसोटीही तिने ठरवून ठेवली होती. माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, “या एलवुडची एक लांबलचक गोष्ट ऑरिनने शेवटपर्यंत जागेपणी ऐकली, की समजायचं जमलं.”

एका वर्षी फेरी तिच्याकडे आली. बाग स्वच्छ, एकही नर नाही. मंडळी कॉफीला बसली आणि मी न्हाणीघरात गेलो. दार उघडताच संत्र्याची साल, ओला देवदार आणि मागून जरासं रॉकेल, असा वास. पडदा सारला तर टबात उभा एक उंच, देखणा नर! खिडकीला ओला टॉवेल डकवलेला. मी वाकून चांगलं नाक खुपसून हुंगलं. असा वास जन्मात घेतला नव्हता.

वर्ना मागे येऊन उभी राहिली. माणसाला जागं ठेवणाऱ्या एका जुन्या वाणाच्या तिच्याजवळच्या बियांतलं हे एकच झाड उगवलेलं. उद्या ब्रशने पराग टिपून ‘झोपाळू बाई’च्या एका फांदीला लावायचे, की मग ती स्वतःच उपटणार होती. “एक दिवस दे, एलवुड,” ती हळू म्हणाली. तिला हळू बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पण मी म्होरक्या ना! पाण्याने पराग मरतात हे सगळ्यांना ठाऊक. मी नळ सोडला. दहा मिनिटं झाड भिजलं, मग उपटलं.

दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. बसवाल्या बाईचा अबोला म्हणजे काय ते भोगल्याशिवाय कळायचं नाही. ऑरिन मात्र लांबून हात हलवायचा, अर्धाच, कारण पुढे पाठ ओढायची.

ऑक्टोबरात मी ओसरीवर माल साफ करत होतो. कात्रीखाली काहीतरी कट्‌ झालं. बी! आणखी एक, मग आणखी. सगळ्या बिया एकाच झाडावर, आणि ते झाड वर्नानेच दिलेल्या ‘झोपाळू बाई’च्या कलमाचं. त्या रविवारी घरी येऊन मी नेहमीसारखं त्या झाडात तोंड घालून हुंगलं होतं. तेव्हा माझी दाढी छातीपर्यंत होती. नवरदेवाची वरात मीच दाढीतून आणली होती!

अकरा बिया काडेपेटीत घालून गेलो आणि सगळं सांगितलं. वर्नाने बिया तळहातावर ओतून एकेक मोजल्या. मग म्हणाली, “बावीस वर्षं डोंगराला अक्कल शिकवलीस. आता फेरीत आधी तुझी दाढी तपासायची.” आणि सफरचंदाची पाई कापली, मोठा तुकडा मला.

पुढच्या हंगामात अकरातली चार झाडं माद्या निघाली. तिसरीचा वास तोच, संत्र्याचा आणि देवदाराचा, फक्त रॉकेलच्या जागी मध. ऑरिनने दोन झुरके घेतले. खांदे खाली आले, कपाळावरची आठी गेली. मी घसा खाकरून चौसष्टच्या पुरात वाहून गेलेल्या खेचराची गोष्ट सुरू केली. ती माझी सर्वांत लांब. खेचर वाहून गेलं, नदीकाठच्या चर्चच्या छपराला अडकलं, पाद्री शिडी शोधायला निघाला. मी चोरून बघितलं. ऑरिनचे डोळे उघडे.

मुद्दामच थांबलो. वर्नाने विणकाम खाली ठेवलं.

“मग शिडी मिळाली का?” ऑरिनने विचारलं.

त्या वाणाला आमच्याकडे ‘एलवुडची दाढी’ म्हणतात. दाढी मात्र फेरीच्या आधी, दर जुलैअखेर, वर्ना स्वतःच्या हाताने भादरते.